पाहुणचार : ‘शाकाहारी’ एवढंच लिहून भागत नाही

गेल्या अंकात मी माझ्या मालदीवमधल्या नोकरीबद्दल चार ओळी लिहिल्या आणि सांगली-साताऱ्याकडून पत्रांचा ढीग आला. त्यातली चार इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, की मी अकरा वर्षं तिथल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये होते. आधी फ्रंट ऑफिसला, मग व्हिला होस्ट म्हणून. सात-आठ व्हिलांमधल्या पाहुण्यांचं, ते बोटीतून उतरल्यापासून परत बोटीत बसेपर्यंत, सगळं बघायचं हे व्हिला होस्टचं काम. आता मी सांगलीत, गावभागात राहते.

ताई, सप्रेम नमस्कार. फेब्रुवारीत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतात, म्हणून आम्ही सहाजण चार रात्रींसाठी मालदीवला चाललो आहोत. आम्ही जैन आहोत. सासू-सासरे कंदमुळं खात नाहीत आणि सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात. रिसॉर्टकडून आवडीनिवडींचा दोन पानी फॉर्म आला होता. मी ‘शाकाहारी’वर खूण केली आणि बाकीचं कोरं सोडलं. एवढ्या मोठ्या हॉटेलला आपल्या घरच्या कटकटी कशाला सांगायच्या, असं सासऱ्यांचं म्हणणं. एवढं पुरे आहे ना?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

नाही, पुरे नाही. आज रात्री जेवणं आटोपली की फॉर्म परत उघडा आणि सासूबाईंना शेजारी घेऊन बसा.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला चांगलं कळतं, माझे वडीलही असंच बोलतात. पाहुण्यानं मागायचं नसतं, यजमानानं ओळखायचं असतं, ही आपली रीत. घरात ते जमतं, कारण मावशी लसूण खात नाही हे आपल्याला वीस वर्षांपासून ठाऊक असतं. त्या बेटावर तुम्हाला कुणीच ओळखत नाही. तुम्ही लिहिलेलं वाचूनच ते तुम्हाला ओळखणार. तुमचा फॉर्म आधी गेस्ट रिलेशन्सकडे जातो, तिथून शेफकडे, हाउसकीपिंगकडे आणि तुमच्या व्हिला होस्टकडे. त्यात जे नाही, ते त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नसतं.

माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट सांगते. एक सत्तरीचे गृहस्थ पत्नीला घेऊन आले होते, तुमच्यासारखेच जैन. येण्याआधी फोनवर त्यांच्या मुलाशी मीच बोलले होते आणि फायलीत एकच शब्द लिहिला होता, ‘शाकाहारी’. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला बुफेवर मासहुनी होती. मालदीवच्या घराघरात सकाळी हीच असते. टूना माशाचा बारीक चुरा, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. रोशी नावाच्या तिथल्या पातळ पोळीबरोबर खातात. लांबून बघितलं तर अगदी आपली ओल्या खोबऱ्याची कोशिंबीर. त्यांनी काउंटरवरच्या मुलाला बोट दाखवून विचारलं, ‘कोकोनट?’ तो हसून म्हणाला, ‘येस सर, कोकोनट.’ तो खोटं बोलला नव्हता. मी दोन टेबलं सोडून उभी होते. मी धावत पोहोचेपर्यंत पहिला घास गेला होता.

मी हळू आवाजात सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, बाहेर जाऊन चूळ भरली, परत आले, मला म्हणाले, ‘बेटा, तू मनाला लावून घेऊ नकोस.’ त्या दिवशी ते जेवले नाहीत. पत्नीही जेवली नाही. संध्याकाळी दोघं समुद्राकडे तोंड करून पायरीवर बसले होते आणि मी त्यांच्यासमोर जाऊन काय बोलू हे मला सुचत नव्हतं. तक्रार त्यांनी शेवटपर्यंत केली नाही. त्यानंतर ‘शाकाहारी’ हा शब्द मी फायलीत एकटा कधी लिहिला नाही.

तेव्हा तुम्ही असं लिहा, सरळ, छोट्या वाक्यांत: मांस, मासे, अंडं नाही. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा, ओलं आलं, जमिनीखालचं काहीच नाही. मध नाही. पुडिंग आणि जेलीत जिलेटिन असतं, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं, ते नाही. वांगं, फ्लॉवर चालतं की नाही हे घरागणिक बदलतं, तुमच्याकडचं तुम्हीच ठरवून लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: सुक्या माशाचा चुरा कशातही नको. तिथं टूना वाळवून दगडासारखी कडक करतात आणि तिचा चुरा भाजीत, खोबऱ्याच्या चटणीत, डाळीतही पडतो. स्थानिक स्वयंपाक्याला ते आपल्या हिंगासारखं, मासा म्हणून तो त्याला मोजतच नाही.

मग काय चालतं तेही लिहा. निम्मे लोक इथंच चुकतात, नुसती नकारांची यादी पाठवतात आणि बिचारा शेफ चार दिवस उकडलेल्या भाज्या पाठवतो. तूरडाळ, मूगडाळ, भात, फुलके, दुधी, दोडका, भेंडी, कच्ची केळी, कोबी, दही, ताक, गूळ, असं लिहा. आणि हे दोन आठवडे आधी पोहोचू द्या. प्रवाळाच्या वाळूवर शेती फारशी होत नाही, जवळजवळ सगळी भाजी बाहेरून येते आणि बेटावर मालाच्या बोटीनं पोहोचते. तुम्ही उतरल्यावर दोडका मागितलात, तर शेफची इच्छा असूनही तो उगवणार कुठून? कढई आणि तवा वेगळा ठेवा म्हणून सांगता येतं, बहुतेक ठिकाणी ठेवतातही. स्वयंपाकघर मात्र एकच असतं, त्याच छपराखाली मासे शिजतात. हे सासूबाईंना आत्ताच सांगा. त्यांना ते चालणार नसेल तर इथंच कळलेलं बरं.

आता घड्याळ. हे नीट वाचा, कारण तुमच्या घरात या एका गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. मालदीवचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण पुष्कळ रिसॉर्टं आपल्या बेटापुरतं घड्याळ राजधानी मालेच्या एक तास पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्यास्त वर्षभर मालेच्या घड्याळानं सहाच्या आगेमागे होतो. फेब्रुवारीत साधारण सहा वीस. बेटाचं घड्याळ पुढे असेल तर तोच सूर्यास्त सात वीसला. संध्याकाळचं जेवण सहसा सातला सुरू होतं, त्यात तुमचं भागणार नाही. म्हणून ‘लवकर जेवण’ असं मोघम लिहू नका. ‘सूर्यास्ताच्या एक तास आधी ताटं मांडलेली हवीत, रोज, दोन माणसांसाठी’ असं लिहा आणि बेटाचं घड्याळ कोणतं ते विचारून घ्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात रात्रीची तयारी चालू असते, शेफ हजर असतो, अडचण काहीच नसते. त्याला आधी माहीत हवं, एवढंच.

गुडघ्यांसाठी पाण्यावरचा व्हिला घेऊ नका, फोटो कितीही सुंदर असोत. तिथवर लांबच लांब लाकडी पूल असतो आणि समुद्रात उतरायला शिडी. किनाऱ्यावरचा व्हिला घ्या, जेवणघराच्या जवळचा मागा. त्यात न्हाणीघराचा काही भाग उघड्यावर असतो. पावसाची सर आली की फरशी निसरडी होते. न्हाणीत बसायला स्टूल, पायाखाली रबरी चटई, बादली आणि पाणी घ्यायला मग हवा असं लिहा. मी स्वतः कित्येक आजींसाठी मालेहून बादल्या मागवल्या आहेत. बगी, म्हणजे बेटावर ने-आण करणारी छोटी बॅटरीची गाडी, दारापर्यंत येते, ती मागायला संकोचू नका. स्पीडबोटीत मागच्या बाजूला बसवा, पुढं आदळे फार बसतात. सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, फक्त दिवसाउजेडी उडतं, तेव्हा तुमचं विमान दुपारी उशिरा मालेत उतरणार असेल तर रिसॉर्टला आधी विचारा, नाहीतर एक रात्र मालेत काढावी लागेल. सीप्लेनमध्ये सामानाच्या वजनाची मर्यादा विमानापेक्षा कडक असते.

आणखी एक. सासूबाई दर्शनासाठी छोटी मूर्ती बरोबर घेतील. घेऊ नका म्हणावं. पूजेच्या मूर्ती त्या देशात न्यायला बंदी आहे, विमानतळावर काढून ठेवतात आणि म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला ते फार लागतं.

पन्नाशीच्या सोहळ्याचं तुम्ही पत्रात काहीच लिहिलं नाहीत. फॉर्ममध्ये ‘विशेष प्रसंग’ असा एक चौकोन असतो. त्यात नुसतं ‘लग्नाचा वाढदिवस’ लिहिलंत तर पलंगावर पाकळ्या, टॉवेलचे हंस, केक आणि वाइन येईल. केकमध्ये अंडं असेल आणि वाइनकडे सासरे बघणारही नाहीत. त्यापेक्षा लग्नातला त्यांचा एखादा फोटो पाठवा. लग्नाच्या जेवणात काय होतं ते सासूबाईंना विचारा. पुरणपोळीला लागणारी हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची तिथं मिळते. बेटांवरच्या स्वयंपाकघरांत भारतातले, श्रीलंकेतले, बांगलादेशातले स्वयंपाकी भरपूर असतात. सासूबाईंना आदल्या दिवशी शेफशी पाच मिनिटं बोलू द्या, पुरण किती घट्ट हवं ते त्यांच्याइतकं कुणाला सांगता येणार? लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, ऊन असताना, वाळूवर टेबल मांडून पुरणपोळी. मी असते तर हेच केलं असतं.

मी निवृत्त शिक्षक. मुलीनं आग्रहानं मालदीवला नेलं. धक्क्यावर पाय ठेवताच एका मुलानं नावानं हाक मारली, माझ्या डाव्या बाजूला आला, न सांगता बिनसाखरेचा चहा दिला. तिसऱ्या दिवशी उशी बदललेली, मला हवी होती तशीच. चार दिवस तो माझी पिशवी उचलत होता. मला फार बरं वाटलं आणि फार अवघडही. हे सगळं खरं होतं की नोकरीचा भाग? घरी आल्यापासून तो मुलगा आठवतो आहे.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

सर, नमस्कार. ते कसं होतं, तेवढं मी सांगू शकते.

बोट सुटली की विमानतळावरचा आमचा माणूस निरोप पाठवायचा: ‘आजोबा, निळा स्वेटर, काठी उजव्या हातात, मुलगी बरोबर.’ काठी उजव्या हातात म्हणजे उतरताना डाव्या बाजूला उभं राहायचं. चहाचं बहुधा तुमच्या मुलीनं फॉर्ममध्ये लिहिलं असेल. उशीचं हाउसकीपिंगच्या मुलानं टिपलं असेल. खोली आवरताना त्याला दिसतं, की एक उशी जमिनीवर आहे आणि दुसरी दुमडून डोक्याखाली घेतलेली आहे, म्हणजे या माणसाला उशी उंच आणि टणक लागते. कोणतं फळ ताटलीत उरलं, खुर्ची सावलीत ओढली की उन्हात, हे सगळं तो लिहून ठेवतो. रोज सकाळी सगळे विभाग एकत्र बसतात आणि या नोंदी वाचल्या जातात.

तर होय, तो नोकरीचा भाग आहे. पण सर, तुम्ही चाळीस मुलांच्या वर्गात कुणाला फळा दिसत नाही हे ओळखून त्याला पुढं बसवलं असेल, तीही नोकरीच होती. त्यामुळे तुमचं मन त्यात नव्हतं असं कुणी म्हणेल का? नोंद वाचून चहा बिनसाखरेचा देता येतो. पण चार दिवस तुमच्या पावलाच्या वेगानं चालणं हे कुठल्याच फायलीत लिहिलेलं नसतं, ते त्या मुलाचं स्वतःचं.

बेटाच्या मधोमध, पाहुण्यांना दिसणार नाही अशा जागी, कर्मचाऱ्यांच्या खोल्या असतात. एका खोलीत दोघं-चौघं. वर्षातून महिनाभर घरी जाता येतं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या कितीतरी मुलांचे आजोबा तेवढ्या काळात गेले आणि त्यांना पोहोचता आलं नाही. म्हातारं माणूस आलं की आम्ही आपसांत भांडायचो, ‘हा व्हिला मला दे’ म्हणून. तुमची पिशवी त्यानं का उचलली, याचं उत्तर त्यात असू शकतं.

अवघडलेपणाचं म्हणाल तर तेही सांगता येतं. ‘पिशवी मी घेतो, तू नुसता बरोबर चाल’ एवढं म्हटलं असतंत तर त्यानं तीही नोंद केली असती. सगळ्यांनाच सतत कुणी पुढ्यात हवं असतं असं नाही. माझे एक पाहुणे पहिल्याच दिवशी म्हणाले होते, ‘सकाळी दहापर्यंत मला कुणाचं तोंड बघायचं नाही.’ आम्ही चहाचा थर्मास पहाटे दाराबाहेर ठेवायचो, आवाज न करता.

तो आठवतोय ना, मग पत्र लिहा. रिसॉर्टच्या जनरल मॅनेजरच्या नावानं, मराठी माणसाच्या साध्या इंग्रजीत, पण त्या मुलाचं नाव घालून आणि त्यानं नेमकं काय केलं ते लिहून. ‘सेवा उत्तम’ या शब्दांचा काही उपयोग होत नाही. तो डाव्या बाजूला उभा राहिला, हे लिहा. अशी पत्रं बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवतात आणि बढतीच्या वेळी बाहेर काढतात. मला आलेली दोन पत्रं आजही माझ्या कपाटात आहेत.

बिलावर सर्व्हिस चार्ज असतोच, मग वर टीप द्यायची का?
— एक वाचक, कऱ्हाड

आधी बिल समजून घ्या, म्हणजे धक्का बसणार नाही. दरावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन कर. म्हणजे मेनूवरचं १०० डॉलरचं जेवण जवळपास १२९ डॉलरला पडतं. शिवाय मोठ्या रिसॉर्टमध्ये माणशी, दर रात्री १२ डॉलर हरित कर. बुकिंग करताना ‘सगळे कर धरून किती’ हेच विचारा. सर्व्हिस चार्ज सगळ्या कर्मचाऱ्यांत वाटला जातो, स्वयंपाकघरातल्या भांडी घासणाऱ्यापर्यंत, आणि त्यांच्या मिळकतीत त्याचा मोठा वाटा असतो. टीप सक्तीची नाही. द्यायची असेल तर खोली आवरणाऱ्याला विसरू नका, तो समोर येत नाही म्हणून कायम राहून जातो. छोट्या डॉलरच्या नोटा जवळ ठेवा. आणि सांगलीची भडंग न्या. माझे वडील मला भेटायला आले तेव्हा दोन किलो घेऊन आले होते. स्टाफच्या जेवणघरात ती एका संध्याकाळीत संपली आणि पुढं वर्षभर नेपाळी, श्रीलंकन मुलं मला विचारत होती, तुझे बाबा परत कधी येणार.

ताई, आमचं बामणोलीजवळ, कोयनेच्या पाण्याकाठी चार खोल्यांचं घरगुती राहणं-जेवण आहे. मी आणि सासूबाई मिळून बघतो. लोक येतात, जेवण आवडलं म्हणतात, पण परत फारसं कुणी येत नाही. मालदीवसारखं आम्हाला काही करता येईल का? आमच्याकडे ना बगी, ना माणसं.
— एक वाचक, ता. जावळी, जि. सातारा

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मालदीवचं पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ साली सुरू झालं तेव्हा तिथंही थाटमाट काही नव्हता. प्रवाळाच्या दगडाच्या भिंतींच्या साध्या खोल्या आणि समुद्र. कुरुंबा म्हणजे त्यांच्या भाषेत शहाळं. तुमच्याकडे शिवसागराचं पाणी आहे, बोट आहे, चुलीवरची भाकरी आहे. पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी एक फोन करायला तुम्हाला काय लागतं?

त्या फोनवर पैशाचं बोलू नका. कोण कोण येणार, त्यांत म्हातारं किंवा तान्हं कुणी आहे का, काय खात नाहीत, आणि सकाळी किती वाजता चहा लागतो, एवढं विचारा. मग दोनशे पानी वही आणा. एका पाहुण्याला एक पान. रात्री भांडी झाली की सासूबाईंना विचारा, आज तुम्हाला काय दिसलं? त्यांना तुमच्यापेक्षा जास्त दिसलेलं असतं, मी पैजेवर सांगते. कुणी भाकरीचा पापुद्राच खाल्ला, कुणी ठेचा दोनदा घेतला, कुणाचं बाळ कंदिलाकडे बघून शांत झालं. ते लिहा. पाहुणे निघताना वहीतलं काही बोलून दाखवू नका. सहा महिन्यांनी त्यांचा परत फोन आला की पान उघडा आणि ते पोहोचायच्या आधी कंदील पेटवून ठेवा.

सगळ्यांना सगळं देण्याच्या मागे लागू नका. चार खोल्यांना चार वेगवेगळे नाश्ते केलेत तर तुम्ही दोघी आठवड्यात आजारी पडाल. प्रत्येक खोलीला दिवसातून एकच गोष्ट, तिच्यापुरती. आमच्याकडे शंभराहून जास्त माणसं कामाला होती, तरी आम्ही एका पाहुण्यासाठी दिवसाला एकच ठरवायचो. आणि कुणी कास बघायला आलं असेल, तर फुलांच्या दिवसांत त्यांना पहाटे उठवून बरोबर दशमी बांधून द्या. तिथं पठारावर नऊनंतर गर्दी होते आणि पोटात काही नसलेला माणूस कुठल्याही फुलावर चिडतो.

नोव्हेंबरात मी आईला घेऊन साताऱ्याला भाचीकडे येणार आहे, तिथून तुमच्याकडे दोन रात्री राहायचं आहे. तेव्हा वहीचं पहिलं पान आमचंच करा: माणसं दोन. आईला खाट उंच लागते आणि खोली चुलीच्या जवळची. तांदळाची भाकरी आवडते, वांगं खात नाही. रात्री एकदा उठते, तेव्हा बाहेरचा दिवा चालू ठेवावा. मला सकाळी सहाला गुळाचा चहा, पाण्याकाठी.